मैनेच्या कपाटातला मायक्रोफोन

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा आला आहे, अंगावरचा काळा रंग कडेकडेने उडाला आहे आणि माझी मूळची तार केव्हाच निकामी झाली. कान मात्र शाबूत आहेत. खरं सांगायचं तर मी सगळा कानच आहे. आजवर बोलले ते दुसरे, मी नुसतं ऐकलं आणि पुढे पोचवलं. आज माझी पाळी आहे, तेव्हा मधे कुणी बोलू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथली तपासनीस बाई प्रत्येक नव्या मायक्रोफोनसमोर किल्ल्यांचा जुडगा वाजवून बघायची. ती किणकिण ज्याला नीट ऐकू येई तो पास. मी पहिल्या फटक्यात पास झालो आणि फुशारक्या मारत एका सभागृहात दाखल झालो. तिथे मात्र माझे हाल कुत्रा खाईना. जो येई तो आधी माझ्या डोक्यावर टिचक्या मारी, मग कानात फुंकर घाली आणि 'मी आपला फार वेळ घेणार नाही' असं म्हणून सभा पेंगेपर्यंत बोले. थुंकीचे तुषार वेगळेच. एका वक्त्याने आवेशात हात उडवला आणि मी व्यासपीठावरून थेट खाली आलो. हा पोचा तेव्हाचा. मग सभागृहाने नवा मायक्रोफोन आणला आणि मी एका दुकानात, जुन्या मालाच्या फळीवर धूळ खात पडलो. बोलणारं कुणी नसलं की आमच्यासारख्याला जगणं नकोसं होतं हो.

तिथे मला मैना भेटली. तिने टिचकी मारली नाही. मला तोंडाशी धरलं आणि हळूच म्हणाली, "ऐकू येतंय ना रे?" मी त्याच क्षणी तिचा झालो.

मैना हे तिचं टोपणनाव, सासूबाईंनी ठेवलेलं. शिकवलेलं गोड बोलणारी ती मैना, असा त्यातला चिमटा. सासूबाई जन्मभर दवाखान्यात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्यावर हातातली सुई सुटली, जिभेवरची सुटली नाही. पण सुनेला तो चिमटा लागला नाही, कारण ते खरंच होतं. मैना दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलून देण्याची सुटी कामं करायची. आज एका साबणाची, उद्या एका लिफ्टची, परवा कुठल्या तरी बँकेच्या फोनची. काम येईल तसं घ्यायचं, आवाज द्यायचा आणि पुढच्या कामाची वाट बघायची.

घरात वेगळी खोली कुठून आणणार? मैना कपड्यांच्या कपाटात बसायची. वर कोट, बाजूला स्वेटर, मागे रजया, मधे एक बुटकं स्टूल आणि तिच्यासमोर मी. कपडे आवाजाचा घुमारा पिऊन टाकतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटावं की केवढा मोठा स्टुडिओ! दाराच्या मुठीला तांबडा रुमाल बांधला की घरात संचारबंदी. मिक्सर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, शिंक आली तर गॅलरीत पळायचं. मैनेचा नवरा चष्म्याच्या दुकानातून जेवायला घरी आला की रुमाल बघून बूट हातात घेऊन चालायचा.

काम पाठवलं की दुरुस्त्या यायच्या. "जरा आणखी उत्साह हवा." मग, "उत्साह कमी, आपलेपणा जास्त." मग, "फारच छान झालंय, फक्त सगळं पुन्हा करा." मैना दात-ओठ खात सगळं पुन्हा करायची. हळूहळू तिचा आवाज गावभर झाला. नवरा लिफ्टमध्ये शिरला आणि वरून 'दरवाजा बंद होत आहे' असं ऐकू आलं, तर हा सवयीने म्हणाला, "बरं गं." सगळे त्याच्याकडे बघायला लागले. सासूबाई बँकेला फोन करायच्या आणि 'कृपया प्रतीक्षा करा' ऐकून कपाटाच्या दिशेने ओरडायच्या, "किती करू गं प्रतीक्षा? तूच सांग त्यांना!"

आता तुम्हाला आतली गोष्ट सांगतो. काम सुरू करण्याआधी मैना घसा मोकळा करायला मला एक गोष्ट सांगायची. तिनेच रचलेली. त्यात एक विसराळू म्हातारा वारा होता. एकाची टोपी तो दुसऱ्याच्या डोक्यावर नेऊन ठेवी. बेकरीचा वास दातांच्या डॉक्टरकडे पोचवी आणि तिथले रोगी भुकेने कळवळत. शाळा सुटल्याची घंटा तो भल्या सकाळी शाळेत आणी. रोज ती गोष्ट थोडी पुढे सरके. ती सांगताना मैनेचा आवाज असा काही उमले की मला माझ्या जाळीत गुदगुल्या होत. आणि मग ती काय करायची? सगळं पुसून टाकायची. "चला, पोटापाण्याचं बघू या," असं म्हणून साबणाचा कागद उघडायची. मित्रांनो, मला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी तिला कामं आणून देणाऱ्या एजन्सीवाल्याचा फोन आला. "मॅडम, लॉटरी लागली म्हणा! वीज कंपनीला कायमचा आवाज हवाय. वर्षानुवर्षांचं काम. एकच अट आहे. तुमचा आवाज दुसरीकडे कुठेही ऐकू येता कामा नये. आधी एक नमुना पाठवा."

"गोष्टी सांगितल्या तर?" मैनेने विचारलं.

"गोष्टी? छे, छे. काहीच नाही."

थोरल्या बहिणीने फोनवर बजावलं, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. वारा काय जेवायला घालणार आहे तुला?" नवरा म्हणाला, "तू ठरवशील ते खरं." म्हणजे तोही काही उपयोगाचा नाही. मैना कपाटात आली, रुमाल बांधला आणि वाऱ्याची गोष्ट सुरू केली. ती वीज कंपनीच्या करारावर सही करणार, ही गोष्ट आता शेवटची, हे मला तिच्या श्वासावरून कळलं. त्या दिवशी वारा दोन भावंडांची भांडणं उडवून नेता नेता मधेच थांबला, आणि मैनेने गोष्ट तिथेच सोडली. मग डोळे पुसून तिने वीज कंपनीचा मजकूर वाचला. या खेपेला मात्र तिच्याने गोष्ट पुसवली नाही. तिने दोन्ही जपून ठेवलं. आणि नमुना पाठवताना घाईत मजकुराऐवजी गोष्टच पाठवली.

चूक कुणालाच कळली नाही, कारण वीज कंपनीत आलेला नमुना ऐकायची तसदीच कुणी घेतली नाही. आलं तसं फोनवर चढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या गावाची वीज गेली. लोकांनी तक्रारीला फोन लावले, आणि प्रत्येकाच्या कानात विसराळू वारा शिरला.

सासूबाईंनीही फोन लावला होता. आधी त्यांच्या कपाळाला आठी होती. मग त्या खुर्चीत बसल्या. मग हसल्या. तेवढ्यात पलीकडून कर्मचारी बोलला, "नमस्कार, काय तक्रार आहे?"

"तक्रार ही की तुम्ही मधे बोललात," सासूबाई गरजल्या. "दोघा भावंडांचं भांडण वाऱ्याने नेलं कुठे, ते आधी सांगा!"

त्या कर्मचाऱ्याला सकाळपासून सगळे हेच विचारत होते. वीज आली तरी फोन थांबेनात.

संध्याकाळी एजन्सीवाला आधी भडकला आणि मग एकदम मधाळ झाला. "कंपनीचे साहेब खूश आहेत, मॅडम. लोक शिव्या द्यायचे विसरले! गोष्ट त्यांना हवीच आहे. तुकडे करू, ती कंपनीच्या नावाने राहील, आणि फोनवर ताटकळणाऱ्या लोकांना ऐकवू. तुमचंही झालं, त्यांचंही झालं."

मैना कपाटाच्या दारात उभी होती. सासूबाई मुद्दाम कपड्यांच्या घड्या घालत तिथेच रेंगाळल्या होत्या. मला वाटलं, झालं, आता ही हो म्हणणार.

"नाही," मैना म्हणाली. "मला अडकून पडलेल्यांना गोष्ट सांगायची नाहीये. मुद्दाम ऐकायला येतील त्यांना सांगायचीय. आणि साहेब, साबण, लिफ्ट, बँक, सगळ्यांना कळवा. हातातली कामं पुरी करीन. नवीन घेणार नाही."

मला टाळ्या वाजवता येत नाहीत, हे त्या दिवशी फार खटकलं.

पण थांबा, लगेच हुरळून जाऊ नका. जुनी कामं संपली आणि मैना मोकळी झाली, तशी तिला काही सुधरेना. कुणी काम दिलेलं नाही, कुणी तारीख दिलेली नाही, मग बसायचं कशाला? तिने माळा आवरला, पडदे धुतले, नवऱ्याच्या दुकानातले चष्मे पुसून आली. मी रुमालात गुंडाळलेला पडून राहिलो. आणि थोरली बहीण रोज फोन करून विचारी, "काय म्हणतोय वारा?"

शेवटी सासूबाईंनी कपाटाच्या दारावर थाप मारली. जन्मभर रोग्यांना उठवून बसवलेली बाई ती.

"मॅडम," त्या सुनेला म्हणाल्या, "मी तुमची गिऱ्हाईक. शुक्रवारपर्यंत पहिली गोष्ट हवी. उशीर चालणार नाही."

"अहो आई, काहीतरीच काय!"

"आणि दुरुस्त्या सांगीन. दाराबाहेर बसून इतकी वर्षं ऐकल्यात, पाठ झाल्यात मला."

शुक्रवारी गोष्ट तयार झाली. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाल्या, "उत्साह ठीक. म्हातारपण कमी पडतंय. म्हातारा वारा असा धावत नाही गं, त्याचे गुडघे दुखतात. सगळं पुन्हा करा." मैना पोट धरधरून हसली आणि तिने सगळं पुन्हा केलं. ती दुरुस्ती अगदी बरोबर होती. पुढच्या शुक्रवारी दुसरी गोष्ट, मग तिसरी. घर ओढाताण करून चाललं. नवऱ्याने नवा कोट घ्यायचं टाळलं. पण कपाटातून आता दात-ओठ खाल्ल्याचा आवाज यायचा बंद झाला होता.

आणि मग तो रविवार उजाडला. गावातल्या वाचनालयाने मैनेला गोष्ट सांगायला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा ती मला कपाटाबाहेर घेऊन गेली. खुर्च्या भरल्या, जमीन भरली, जिन्याच्या पायऱ्या भरल्या. थोरली बहीण पहिल्या रांगेत बसून शेजारणीला सांगत होती, "माझी धाकटी. मी आधीपासून म्हणत होते." एजन्सीवाला मुलीला कडेवर घेऊन मागे भिंतीशी उभा होता, कारण त्याला बसायला जागाच उरली नव्हती.

मैनेने गोष्ट सुरू केली. खोकले, कुजबुज, चुळबुळ, सगळं मला ऐकू येत होतं. वारा भांडण घेऊन डोंगरावर पोचला, मैना क्षणभर थांबली, आणि सगळं शांत झालं. कपाटातली शांतता मी वर्षानुवर्षं ऐकली होती. ती कपड्यांची होती. ही माणसांची होती, श्वास रोखून बसलेल्या माणसांची. असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. मित्रांनो, मी नुसती एक वस्तू आहे, पण त्या दिवशी माझ्या जन्माचं सोनं झालं.

आता मैनेच्या गोष्टी दूरदूरच्या गावांत ऐकतात आणि सासूबाई अजून दुरुस्त्या सांगतात. मला कुणी नवा भाऊ आणील तेव्हा आणील, माझी तक्रार नाही. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. आमच्या डोक्यावर टिचक्या मारू नका, हे तर झालंच. पण तुमच्या घरातही आई, काका, ताई, कुणीतरी दार लावून आपलं स्वतःचं काही करत असेल. त्याला 'याचा उपयोग काय' असं विचारू नका. दार उघडून ते बाहेर आलं की जवळ जाऊन बसा आणि विचारा, "पुढे काय झालं?"

तेवढ्यावर माणूस पुन्हा आत जातो आणि पुढचं करून आणतो. मी स्वतः ऐकलंय.