हेडमास्तर छपरावर जाणार

क्लॅरेन्स मॅबरी यांच्या जिभेला हाड नव्हतं आणि पायांना उंची सोसत नव्हती. या दोन गोष्टी एकाच माणसात इतकी वर्षं गुण्यागोविंदाने नांदत होत्या. त्या वर्षी शहराच्या शाळाखात्याने त्यांची गाठ घालून दिली.

झालं असं की, ऑगस्टच्या शेवटी शहरातल्या तमाम मुख्याध्यापकांना मोठ्या सभागृहात बोलावलं गेलं. सगळ्या शाळांच्या प्रमुख म्हणून नव्यानेच आलेल्या डॉक्टर हॅलोरनबाई व्यासपीठावर उभ्या राहिल्या. मागच्या पडद्यावर शहराचा नकाशा होता. ज्या शाळांत मुलांना धड वाचता येत नाही त्या लाल रंगाच्या. तळ्याकाठचा श्रीमंत पट्टा सोडला तर निम्मं शहर गोवर आल्यासारखं दिसत होतं, आणि त्यातही सगळ्यांत लाल ठिपका मॅबरींच्या टॅनर स्ट्रीट शाळेचा.

"या वर्षी प्रत्येक शाळेला वाचनाचं एक उद्दिष्ट मिळेल," बाई म्हणाल्या. "आणि प्रत्येकाने आपल्या मुलांना एक वचन द्यायचं. मुलांनी करून दाखवलं, तर तुम्ही काय करून दाखवाल?"

एक म्हणाले, डुकराची पापी घेईन. एक बाई म्हणाल्या, तोंडावर क्रीमचा केक मारून घेईन. तिसऱ्यांनी डोकं भादरायचं कबूल केलं. मॅबरींचं डोकं देवानेच भादरून दिलेलं, त्यामुळे तो मार्ग बंद. त्यांची पाळी येईपर्यंत चांगल्या चांगल्या फजित्या संपून गेल्या होत्या.

"मी शाळेच्या छपरावर अख्खा दिवस काढीन!" त्यांच्या तोंडून निघून गेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

घरी जाताना त्यांना घामबिम काही फुटला नाही. का फुटावा? टॅनर स्ट्रीटची मुलं ते उद्दिष्ट गाठणारच नव्हती. कधी गाठलं होतं? जे कधी पाळावंच लागणार नाही, ते वचन द्यायला काय जातंय! असा विचार करून त्यांनी गाडीतला रेडिओ लावला आणि मजेत ताल धरला.

शाळेच्या कचेरीत मिस ओडेसा बसायच्या. त्या आणि मॅबरी एकाच चर्चमधले, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक.

"छप्पर?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही? चर्चच्या सहलीत आकाशपाळणा वर गेला तेव्हा 'थांबवा, मी बायकामुलांचा माणूस आहे' म्हणून कोण बोंबललं होतं?"

"हळू बोला हो. वेळ येणार नाही."

"मुलांना सांगितलंत ना? मग येईल."

मुलांना सांगितलं होतं, तेही शाळेच्या जिममध्ये गोळा करून, ढोल वाजवून. चित्रकलेच्या बाईंनी तर मोठ्या व्हरांड्याच्या भिंतीवर कागदाची लांबलचक शिडी चिकटवली. खालच्या पायरीवर कागदाचे मॅबरी: बो टाय, पोट आणि चंदेरी कागदाचं चकचकीत टक्कल. दर महिन्याच्या चाचणीत शाळा जितकी पुढे जाईल तितके ते वर चढणार. सप्टेंबरात ते हलले नाहीत. ऑक्टोबरातही नाहीत. मॅबरी येता-जाता आपल्या टकलाकडे प्रेमाने बघायचे.

घोटाळा त्यांच्याच स्वभावाने केला. पोर शब्दापाशी अडलंय आणि आपण बाजूने निघून जातोय, हे त्यांना जन्मात जमलेलं नव्हतं. सकाळी कँटीनमध्ये मुलं नाश्त्याला बसली की ते कुठल्यातरी टेबलावर पोट सावरत बसकण मारायचे. बहुतेक वेळा ते टेबल तिसरीतल्या झरिया पिकेन्सचं असायचं. झरिया तोंडाने तिखट, पण भरगच्च पान दिसलं की पुस्तक मिटून चॉकलेटचं दूध प्यायला लागायची.

"काय झालं?"

"खूप आहे, सर."

"सगळं पान कशाला बघतेस? बोटाखाली आहे तेवढंच बघ. पुढचं कुठे पळून जात नाही."

झरिया बोट ठेवायची, कुरकुरायची, वाचायची. मग शेजारचा वाचायचा. बर्फ पडायला लागलं तसे कागदाचे मॅबरी एक पायरी चढले, मग आणखी एक. खरे मॅबरी आता त्या भिंतीकडे न बघता भराभर जायला लागले. मुलं बसमध्ये वाचत होती, टेबलाखाली वाचत होती, हेडमास्तरांना छपरावर बघायला मिळेल या एका आशेवर वाचत होती. मॅबरी रोज सकाळी स्वतःच्या हाताने स्वतःलाच वर ढकलत होते, आणि ते थांबवणंही त्यांच्याने होत नव्हतं.

गावभर बोभाटा झालाच होता. डोक्यावर केस नसूनही ते दर शनिवारी न्हाव्याच्या दुकानात गप्पांना जायचे. तिथे कुणीतरी विचारायचं, "काय मास्तर, पॅराशूट शिवायला टाकलं का?" आणि सगळं दुकान खिदळायचं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी व्हरांडा रिकामा होता. मॅबरी शिडीसमोर उभे राहिले. कागदाचा माणूस निम्म्यावर आला होता. त्यांचा हात आपोआप वर गेला. टाचणी काढली. फक्त एक पायरी खाली, कुणाला कळणार?

"काय करताय, सर?"

मागे झरिया उभी होती.

"अं... सैल झाला होता. नीट लावत होतो."

झरियाने त्यांच्या हातातल्या टाचणीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "आम्ही जिंकायला नकोय का तुम्हाला?"

"भलतंच काय! पळ वर्गात."

त्यांनी कागद होता तिथेच टोचला. स्वतःची इतकी लाज त्यांना पूर्वी कधी वाटली नव्हती. झरियाने पुढे काही विचारलं नाही. पण त्या आठवड्यापासून शाळेला काय झालं कोण जाणे! ज्या पोरांना पुस्तक म्हणजे शिक्षा वाटायची, ती मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या दारात रांग लावू लागली. कागदाचे मॅबरी भराभरा चढत गेले. हे अचानक वारं कुठून आलं, हे मॅबरींना काही केल्या उमगेना.

मेमध्ये निकाल लागला. टॅनर स्ट्रीटने उद्दिष्ट गाठलं होतं. मिस ओडेसांनी आकडा मोठ्याने वाचला, खुर्चीतच नाचल्या आणि म्हणाल्या, "सर, पँट शिडीवर शोभेल अशी घाला."

तरी मॅबरींनी सोय करून ठेवली होती. शाळेची देखभाल करणाऱ्या सोबचॅकना त्यांनी पटवलं होतं. छपरावर जायला आतून जिना होता, डोळे मिटून सोबचॅकचा पट्टा धरला की काम भागणार होतं. पण अंगणात अख्खी शाळा जमली होती, हॅलोरनबाई आल्या होत्या, टीव्हीचा कॅमेरा होता, आणि मुलांनी वर्षभर भिंतीवर शिडी बघितली होती.

"शिडी! शिडी! शिडी!"

सोबचॅकने खांदे उडवले आणि शिडी आणून लावली.

निम्म्यापर्यंत मॅबरी गेले. मग त्यांनी खाली बघितलं. पाचावर धारण बसली. वर जाववेना, खाली उतरवेना. दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारून ते भिंतीच्या विटांकडे बघत राहिले. अंगण आधी हसलं, मग गप्प झालं.

"कुणीतरी अग्निशामक दलाला..." हॅलोरनबाई कुजबुजल्या. तेवढ्यात त्यांच्या हातातला कर्णा कुणीतरी ओढून घेतला.

"सर," झरियाचा आवाज आला, "सगळी शिडी कशाला बघताय? हाताखाली आहे तेवढंच बघा. पुढचं कुठे पळून जात नाही."

मॅबरींनी हाताखालची पायरी बघितली. एक पाय उचलला. पुन्हा एक. मग ते थांबले. या वेळी भीतीने नाही.

"झरिया," ते विटांकडे तोंड करूनच ओरडले, "त्या दिवशी मी कागद नीट लावत नव्हतो गं. खाली घेत होतो."

मिस ओडेसांनी तोंडावर हात ठेवला.

"आणि छप्पर म्हणालो ते का, सांगू? मला वाटलं होतं, तुमच्याने काही होणार नाही. माझ्याच मुलांबद्दल असं वाटलं मला."

हॅलोरनबाईंचं कॅमेऱ्यासाठीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. कर्णा क्षणभर खरखरला.

"माहितीये, सर," झरिया म्हणाली. "मी त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. म्हणून तर वाचलं." मग तिने कर्णा तोंडाच्या आणखी जवळ घेतला. "आता चढा."

मॅबरींना रडू फुटलं. डोळे पुसायला शिडीवरचा हात काही सोडवेना, म्हणून ते तसेच चढत गेले.