पात्याचा सूर

सासऱ्यांनी लाकूड चिरायच्या बँडसॉची, पातं ताणणारी वरची मूठ आणखी अर्धा फेरा पिळली आणि पात्यावर बोट मारलं. पातं टणकन वाजलं. मागे उभ्या असलेल्या सुनेचा चेहरा उतरला.

परवा असंच वाजलं होतं, आणि तासाभरात फळी चिरता चिरता पातं तुटलं. केवढा मोठा बार झाला! तुटलेलं टोक सासऱ्यांच्या कानशिलाजवळून गेलं आणि लाकडाच्या थप्पीत रुतलं. त्यांनी शर्टावरचा भुसा झटकला, हलका माल दिला म्हणून पातंवाल्याचा उद्धार केला आणि नवं पातं काढलं.

मशीनला ताण दाखवणारा काटा होता, पण सासरे त्याला भीक घालत नसत. कान शाबूत असताना काटा कशाला बघू, असं त्यांचं म्हणणं. आजूबाजूच्या कारखान्यांतूनही पातं चढवायला त्यांनाच बोलावणं यायचं. अशा माणसापुढे सहा वर्षं त्यांच्याच हाताखाली काम शिकलेल्या सुनेनं तोंड कसं उघडायचं?

सासऱ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. पुन्हा पाठ फिरवली आणि मूठ पिळली. या वेळी पात्याचा आवाज इतका चिरका निघाला, की तिचे दात शिवशिवले.

"मामा, बास," ती मागून म्हणाली.

मूठ फिरतच राहिली.

"मामा, तुटेल ते!"

मशीन बंद होतं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येत होती. ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती, तरी सासऱ्यांनी मान वळवली नाही. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. कारखान्यात सगळेच समोर येऊन ओरडून बोलतात. हे कधीपासून झालं असेल, घरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती त्यांच्या समोर गेली आणि मुठीवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाली,

"मामा, आज मी लावू? मलाही जमायला हवं ना."

"लाव की. मी आहेच इथं."

तिनं मूठ उलटी फिरवली. एक फेरा, मग आणखी एक. दर वेळी पातं छेडून पाहिलं. आवाज हळूहळू उतरत गेला आणि एका जागी तिच्या ओळखीचा, भरीव असा सूर लागला. तिनं सुटकेचा श्वास सोडला. तिच्याही नकळत चेहऱ्यावर हसू आलं.

सासरे पात्याकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

"हां, आता बसलं," ते लगेच म्हणाले. "हाच सूर."

मग जरा चिडूनच म्हणाले, "मघापासून तोंड एवढंसं करून कशाला उभी होतीस? मी आपला पिळतोय, पिळतोय."