बोईसरची लाईन

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत गोदामाला लागून एक खोली होती, तेच ऑफिस. तिथे दमयंती एकटीच बसायची. ती मूळची एडवणची. आई वारल्यावर तिने बोईसरलाच भाड्याने जागा घेतली, त्यामुळे घरीही बोलायला कोणी नव्हतं. पंच्याण्णव साली मुंबईच्या मुख्य ऑफिसने तिच्या टेबलावर कॉम्प्युटर आणि मोडेम आणून ठेवला. गोदामातल्या मालाची यादी रोज दुपारी फोनच्या लाईनवरून मुंबईला पाठवायची. पण आठवड्यातून तीन-चारदा लाईन मध्येच तुटायची आणि यादी अर्धीच पोचायची.

मुंबईहून नरहरी दुरुस्तीला आला. त्याने मोडेम बदलला, दिवसभर बसून राहिला; लाईन एकदाही तुटली नाही. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुढच्या खेपेला त्याने टेलिफोन खात्याच्या माणसाकडून खांबापर्यंतची तार तपासून घेतली. तीही ठणठणीत. मुंबईत कुजबुज सुरू झाली, बाईंनाच मशीन जमत नाही.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा दमयंती त्याला म्हणाली, "तुमी आलात की चालते, गेलात की तुटते. माजं कोण खरं मानणार?"

"मी मानतो," नरहरी म्हणाला. "असं करा, मी बाहेर थांबतो. मी नसताना जसं काम करता, अगदी तसंच करा."

तो बाहेर गेला. तिने दार लावलं, कडी घातली आणि यादी पाठवायला घेतली. रस्त्यावरून एक भरलेला ट्रक धडधडत गेला. मोडेमचा दिवा विझला.

"तुटली! तुटली!" ती आतून ओरडली.

नरहरीने दाराची चौकट वरपासून खालपर्यंत पाहिली. फोनची तार बिजागरीजवळच्या फटीतून आत घेतली होती. दार लावलं की ती चेमटायची आणि ट्रकच्या हादऱ्याने आतला तांब्याचा धागा सुटायचा.

"तुम्ही दार लावून का बसता?"

"ट्रकवाले आत बघत जातात. कोणी सोबतीला असलं तर उघडं ठेवते."

"म्हणजे तुम्ही एकट्या असता म्हणून लाईन तुटत होती!" तो हसला, पण तिचा चेहरा पाहून लगेच पिशवीतून तार काढू लागला.

त्याने नवी तार खिडकीच्या वरून फिरवून दिली. बाईंची काही चूक नाही, असं कागदावर लिहून खाली सही केली. "आता मला यावं लागणार नाही," निघताना तो म्हणाला. तिने मान डोलावली.

महिनाभर यादी बिनबोभाट जात राहिली. मुंबईहून फोन येईना. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एका दुपारी तिने स्वतःच नंबर फिरवला.

"काय झालं, बाई? परत तुटली?" नरहरीने विचारलं.

"नाय. चांगली चाललीय. तेवढंच सांगायचं होतं."

पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारत होतं. तरी तो थांबला.

"आज जेवायला काय आणलंत?" त्याने विचारलं.

"बोंबलाचं कालवण," ती म्हणाली, आणि कालवण कसं करतात तेही सांगू लागली.