कोणाचे पाहुणे?

चौबे कॉलोनीतल्या मराठी मंडळाच्या तळघरात वाचनालय आहे आणि तिथं वाचनाखेरीज सगळं होतं. भिंतीवर एक स्विच टांगलाय. दिवा लावायचा नव्हे. दिवाळीला माहेरवाशिणी याव्यात तशा सगळ्या टेबलांच्या इंटरनेटच्या तारा ज्याच्यापाशी येऊन टेकतात, तो चपटा लोखंडी डबा. आजवर तो आल्या तारेला विचारायचा नाही, बाई तू कुठली, कोणाची. पान मांडायचा, वाढायचा. वरच्या हॉलात लग्न असलं की वऱ्हाडातली पोट्टी खाली येऊन नेटवरून पिक्चर उतरवत बसायची आणि सचिव अनंतरावांचा ईमेल बाहेर ताटकळायचा.

अनंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. तिकिटाशिवाय कोणी सुखात बसलेलं त्यांना बघवत नाही. त्यांनी गंधालीला बोलावलं. ऑफिसांची नेटवर्कं बांधून देणं हा तिचा धंदाच. तिनं स्विचला शिस्त लावली. तार जोडली की आधी एक पान उघडणार: आपलं नाव? कोणाचे पाहुणे? मग नोंदलेल्या सदस्यानं मंजुरी दिली तर दार उघडणार, तेही संध्याकाळपर्यंतच. अनंतरावांनी वर आपलं एक कलम घातलं. मंजुरी देणाऱ्यानं पाहुण्याचं नाव आधी मोठ्यानं वाचायचं. चारचौघांत नाव पुकारलं की माणूस पिक्चर उतरवत नाही, असा त्यांचा अभ्यास.

मात्र स्वतःचं नाव सदस्यांत नोंदवायला ते तयार होईनात.

"सचिवाले कोण विचारते?" ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी वनमालाबाई चहा घेऊन आल्या. गंधालीनं चाचणीपुरतं त्यांचंच नाव टाकलं, आणि यादीत काकू एकट्याच आहेत हे अनंतरावांना पुन्हा पुन्हा बजावलं. ते हसले. घरही तिच्याच नावावर आहे म्हणाले, त्यानं कधी काही बिघडलं काय?

रविवारी उद्घाटन. स्विचला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार चढला. नारळाचं पाणी डब्यात जाऊ नये म्हणून गंधाली दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली, तर लोकांना वाटलं, पोरगी भक्तीत रंगली.

त्याच सकाळी शहराच्या टोकाच्या भनपुरीहून ज्ञानदा आली होती. तिच्या घरापुढं ट्रक दिवसभर हॉर्न वाजवतात, म्हणून पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत लॅपटॉपवरून द्यायला तिनं वाचनालयातला कोपरा मागून घेतला होता. पहिली नोकरी, वेळ चुकली की गेली. तळघरात मोबाइल लागत नाही. तिनं तार जोडली, नाव भरलं आणि मंजुरीची वाट बघत बसली, ओल्या मातीत पेरलेलं उगवायची वाट बघावी तशी.

"काका, बस दस मिनट बचे हैं," ती घाईत इकडच्या हिंदीतच म्हणाली.

अनंतरावांनी तिला समजावलं की मानपान म्हणून काही असतं. आधी सचिव, मग बाकीचे. सचिव आत जाणार, मोठ्या पडद्यावर मंडळाच्या कार्याची फिल्म लागणार, टाळ्या होणार, भाषण होणार. मग तिचं बघू. ते खुर्चीत बसले, तार जोडली, आणि भरल्या सभेसमोर पडद्यावर अक्षरं उमटली: आपण पाहुणे आहात. कोणाचे?

अनंतरावांनी गंधालीकडं पाहिलं. बाहेरच्या माणसाच्या हाती किल्ली ठेवायची नाही हा त्यांचाच हुकूम होता, याची तिनं नम्रपणे आठवण करून दिली. आता मंजुरी देणार त्या काकूच.

वनमालाबाई उपम्याच्या बशा भरत होत्या. पदराला हात पुसत त्या आल्या, चष्मा लावला. स्विचशेजारच्या छोट्या पडद्यावर दोन नावं मंजुरीसाठी उभी होती.

"वाच," अनंतराव म्हणाले. "माझं आधी."

"ज्ञानदा हरिदास पाटणकर," वनमालाबाईंनी खणखणीत वाचलं आणि बटण दाबलं. कोपऱ्यातल्या लॅपटॉपला दार उघडलं. ज्ञानदानं कानात हेडफोन घातले.

"माझं काहून नाही वाचलं?"

"कशी वाचू?" त्यांनी पदर सावरला. "लोकांदेखत कधी तुमचं नाव घेतलं काय मी?"

भांडणात त्या ते नाव पार बूढ़ापारा मोहल्ल्यापर्यंत ऐकू जाईल असं घेत, हे कॉलोनीला ठाऊक होतं. पण भांडण घरातलं आणि कलम मंडळातलं. बायकांत खसखस पिकली. नाव घ्यायचं तर उखाण्यातच, असा ठराव एकमतानं झाला.

"घेते ना," वनमालाबाई म्हणाल्या. "पण गलबल्यात मले सुचत नाही. चूप बसा सगळे."

ज्या मंडळात शोकसभेतही कोणी चूप बसलं नव्हतं, ते चूप बसलं. अनंतरावही, उखाणा त्यांच्यावरच होता. त्या शांततेत कोपऱ्यातून ज्ञानदाचा आवाज येत राहिला, आधी अडखळत, मग पाण्याचा पाट मोकळा झाल्यासारखा. वनमालाबाई छताकडं बघत, बोटांवर अक्षरं मोजत, मान हलवत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. मधेच कोपऱ्याकडं एक नजर. उपमा गार झाला. अनंतरावांनी दबक्या आवाजात एक यमक सुचवून पाहिलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

अखेर ज्ञानदानं हेडफोन काढले. "काकू, अगले राउंड में बुलाया है."

आणि काय नवल, त्याच क्षणी वनमालाबाईंना उखाणा सुचला:

"लेकीबाळीच्या वाटेवर लागला हिरवा दिवा,
अनंतराव आज पाहुणे, पाट मांडून ठेवा."

बटण दाबलं गेलं. टाळ्या झाल्या, फिल्म लागली, भाषण झालं, आणि ते इतकं लांबलं की दिवेलागणीला मधेच पडदा काळा पडला आणि त्यावर जुनाच प्रश्न उमटला. पाहुण्यांची मंजुरी संध्याकाळपर्यंतच असते. वनमालाबाई केव्हाच घरी गेल्या होत्या.