पाडव्याला वाचायचा कागद

मित्रांनो, मी फवारणीचा जुना पितळी पंप. ग्वाल्हेरच्या कंपू मोहल्ल्यात, माझे मालक दिनकरराव यांच्या जिन्याखाली माझी खुंटी आहे. सकाळचं ऊन जाळीतून अंगावर आलं की मला वाटतं, मी अजून जवळच्या डबरा गावातल्या शेतात धानावर तरंगतो आहे.

मी घडलो तेव्हा ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन होत होतं. तांबटाने माझ्यावर संस्थानचं नाव कोरलं आणि ते लगेच जुनं झालं. आठ वर्षांनी मध्यभारतही उरला नाही. मी मात्र शेतात जात राहिलो; आधी दिनकररावांच्या वडिलांच्या पाठीवर, मग त्यांच्या. माझ्या नळीतून धुकं सुटे, त्यात इंद्रधनुष्य उमटे. ते विषाचं धुकं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

दिनकररावांचा बासमती युरोपला जाई. तिथे अनेक देशांनी मिळून एकच नियम केला होता: तांदळात कोणत्या औषधाचा किती अंश चालेल. एका वर्षी करपा रोगावरच्या औषधाची मर्यादा त्यांनी फार खाली आणली. व्यापाऱ्याने चालणाऱ्या औषधांच्या नावांचा नवा कागद पाठवला. दिनकररावांनी तो न वाचता पंचांगात ठेवला आणि जुन्याच औषधाने मला भरलं. वर नेहमीचं एक झाकण औषध जास्त, देवाच्या नावानं.

तपासणीत तांदूळ नापास झाला. सगळा माल वापस आला.

"बाबा, कागद वाचला होता?" त्यांच्या मुलीने, दुर्गाने विचारलं.

"चाळीस साल हेच मारतोय. कुणाचं पोट दुखलं का?"

"मागच्या सालच्या पंचांगावर कुणाचं लग्न लावाल?"

"वकिलीण झालीस बघ!" ते हसले, मग हळूच म्हणाले, "व्यापारी पुढे माल घेईल का गं?"

"एक मौका देतो म्हणालाय. फक्त एक."

पुढच्या पाडव्याला पंचांगवाचन झालं, आणि दिनकररावांनी चष्मा लावून तो कागदही मोठ्याने वाचला. भाद्रपदात ते रोज बांधावर बसून पानं उलटून पाहत. करपा थोडा आला, थोडं धान गेलं. पण जुनं औषध माझ्यात पडलं नाही. तांदूळ पास झाला. त्या दिवशी त्यांनी मला चिंचेने घासून लखलखीत केलं.

मग दर पाडव्याला तो कागद वाचला जाऊ लागला. एखादं नाव गळलेलं असलं की ते विचारत, "आणि आता कोण गेलं?"

या माघात दिनकरराव गेले. पाडव्याला कागद दुर्गाने वाचला. एक नाव गळलेलं होतं. ती तिथे थांबली. कुणी काही विचारलं नाही. मग तिने शेवटपर्यंत वाचलं.

मित्रांनो, मला भरण्याआधी या सालचा कागद वाचा. झाकण मोजून घाला. काम झालं की मला तीनदा धुवा.

हल्ली शेतात दुर्गा मला पाठीवर घेते. पट्टा दिनकररावांच्या खांद्याच्या मापाचा, तिला सैल होतो. तिने अजून नवं भोक पाडलेलं नाही.