बंदकाका

“बंद आहे म्हणता ना? मग हात लावून बघायला काय हरकत आहे?”

बंदकाकांनी हाताची मागची बाजू रबर दाबून शिजवणाऱ्या प्रेसच्या मोटरला टेकवली. मोटर थरथरत होती. प्रेस चालवणाऱ्या मोठ्या ताईंनी तोंड फिरवलं.

“एवढाच घाणा काढून घेत होते हो. अर्धवट शिजलेलं रबर काय घरी नेऊ?”

“तुमचा एवढाच, पलीकडच्या बाईंचा एवढाच. आणि तिकडे मीटर बोंबलतंय ते?”

ताईंनी बटण दाबलं, मनातल्या मनात काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि क्रेट उपडा घालून त्यावर बसल्या. एकामागून एक सगळं खातं बसलं. काका गेल्यावर कुणीतरी त्यांची नक्कल केली आणि बायका पोट धरून हसल्या.

रबरी वॉशर बनवणाऱ्या त्या कारखान्यात काकांचं काम हेच होतं. दुपारी सगळी खाती एकदम जोरात चालली की विजेचा भार ठरलेल्या मर्यादेला जाऊन भिडे. मर्यादा ओलांडली की मोठा दंड. म्हणून काका मीटरवर डोळा ठेवून बसत आणि आकडा चढायला लागला की उठून प्रेस खात्याच्या दारात उभे राहत. यंत्रांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे. ते नुसता तळहात हवेत खाली दाबत. म्हणजे बंद करा. आकडा उतरला की तोच हात वर करत. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाचं खरं नाव कोण लक्षात ठेवणार?

संशय हा त्यांच्या कामाचाच भाग होता. पॅकिंगवाल्यांनी खोक्यांमागे लपवलेली चहाची विजेची किटली त्यांनी नुसत्या वासावरून पकडली होती. घरीही तेच. बायको खोलीतून बाहेर पडायच्या आत पंखा बंद. “मी अजून आत आहे,” असं ती बिचारी वर्षानुवर्षं सांगत आली होती.

मग एक दिवस गोदामामागे दोन मोठी पांढरी कपाटं आली. खोलीएवढी. आत बॅटरी. बॅटरी बसवणारी इंजिनिअर काकांच्या लेकीच्या वयाची होती आणि फार गोड बोलायची, त्यामुळे काकांना पहिल्या दिवसापासून तिचा संशय आला.

“भार कमी असतो तेव्हा ही वीज भरून ठेवते, काका. दुपारी सगळे एकदम ओढायला लागले की आपणहून सोडते. बाहेरून जास्त घ्यावीच लागत नाही.”

“आणि बंद कुणाला करायला सांगायचं?”

“कुणालाच नाही.”

तिनं हे आनंदानं सांगितलं. काकांना वाटलं, कुणीतरी आपल्या पायाखालची सतरंजी ओढून घडी करून ठेवली.

बॅटरी सुरू झाली त्या दुपारी आकडा चढलाच नाही. पाणी कुठंतरी मुरतंय, काका स्वतःशी म्हणाले. ते प्रेस खात्यात गेले, मोटरींना हात लावून आले. सगळ्या चालू. कॉम्प्रेसर चालू, भट्टी चालू, आणि मीटर मात्र गरीब गाईसारखं शांत. शेवटी ते गोदामामागे गेले, कुणी बघत नाही याची खात्री केली आणि पांढऱ्या कपाटाच्या दाराला हाताची मागची बाजू टेकवली. दार कोमट होतं, आतून बारीक थरथरत होतं. म्हणजे खोटेपणा नव्हता. त्या हातानं आयुष्यभर लबाड्या पकडल्या होत्या, आज पहिल्यांदा काहीच सापडलं नाही आणि काकांना रडू आल्यासारखं झालं.

मॅनेजरनं त्यांना स्टोअरमध्ये खुर्ची दिली. “निवृत्तीपर्यंत आराम करा, काका. खूप धावलात.”

स्टोअरची वाट प्रेस खात्यावरून जायची. काका दिसले की बायका माना वर करत. त्या का बघतात, हे काकांना न कळायला काय झालं? मजा बघत असणार. एकदा मोठ्या ताईंनी हाकच मारली, “काका, आज नाही का बंद करायचं?”

“हसून घ्या!” काका ओरडले. “दिवस आलेत तुमचे.”

ताई हसत नव्हत्या, हे त्यांच्या लक्षात आलं ते पुढे गेल्यावर.

घरी जेवताना त्यांनी हे सगळं बायकोला तावातावानं सांगितलं. ती आमटी वाढत म्हणाली, “तुम्ही बंद केलं की त्या काय करायच्या?”

“काय करणार? बसायच्या. शिव्या द्यायच्या मला.”

“आणि आता कधी बसतात?”

काकांचा घास हातातच राहिला. बायकोनं मीठ पुढे सरकवलं. काकांना मीठ नको होतं.

सकाळी त्यांनी इंजिनिअरला गाठलं. “तुमची ती पेटी दुपारी थोडा वेळ अडून नाही का बसू शकत?”

ती हसली. “ती प्रामाणिक आहे हो, काका.”

तेच मॅनेजरलाही विचारलं, पण त्याला हसू आलं नाही. “चाललेलं मशीन थांबवायला कारण काय? जेवणाची सुट्टी आहे की.”

दुपारी काका स्टोअरच्या खुर्चीतून उठले आणि प्रेस खात्याच्या दारात उभे राहिले. सवयीनं तळहात खाली गेला. एकही प्रेस थांबला नाही, कसा थांबणार? बायकांनी नुसतं पाहिलं. मोठ्या ताई एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत उभ्या होत्या. काका त्यांच्याजवळ गेले आणि यंत्रावर ठेवलेले जादा हातमोजे चढवायला लागले.

“हे काय?” ताईंनी डोळे बारीक केले. “कुणी पाठवलं तुम्हाला? आमचा वेग मोजायला?”

“कुणी नाही पाठवलं. बसा.”

“साहेबांनी सांगितलं असणार. नाहीतर तुम्ही कशाला?”

“बसा हो ताई. बाकीच्यांकडेही जाणार आहे.”

क्रेट कोपऱ्यात उपडाच पडून होता, त्यावर धूळ बसली होती. ताईंनी पदरानं ती झटकली आणि बसल्या, पण काकांवरची नजर हलू दिली नाही. काकांनी साच्यात रबर ठेवलं, दांडा ओढला, प्रेस मिटला. आता उघडायचा कधी, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ते फक्त बंद करत आले होते. त्यांनी घाईघाईनं दांड्याकडे हात नेला.

ताईंनी बसल्या जागेवरून तळहात हवेत खाली दाबला.

काका थांबले.