तळ्याकाठचा पाटा

मी एक जुना पाटा आहे. मित्रांनो, तुम्ही चटणी मिक्सरमध्येच होताना पाहिली असेल, म्हणून सांगतो. पाटा म्हणजे वाटण वाटायचा सपाट दगड आणि वरवंटा हा माझा लांबट जोडीदार.

सक्करदऱ्याच्या जयवंताबाईंनी तीस वर्षे माझ्यावर मसाला वाटला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून वरवंटा निसटला आणि माझा कोपरा उडाला. सासूबाईंना दिसू नये म्हणून त्यांनी तो भिंतीकडे वळवून ठेवला. पाहुणे रस्सा भुरकून तारीफ करत, त्यातली निम्मी मी माझी समजत असे.

पुढे घर मनीषनगरला, चौथ्या मजल्यावर गेले. वाटण्याच्या दणक्याने खालचे शेजारी कावले, मिक्सर आला आणि मी पार्किंगच्या कोपऱ्यात पडलो. फार वाईट वाटले. तिथून गिरिधर नावाच्या गृहस्थांनी मला मागून नेले. हुडकेश्वरच्या पुढे, शेतात त्यांनी जपानी धर्तीची बाग केली आहे. माझ्यावर छिन्नीने ठोकलेले टाकीचे खड्डे, म्हणजे पाय घसरायची भीती नाही. म्हणून त्यांनी मला उथळ तळ्यातल्या पायवाटेत बसवले. रंगीत मासे, बांबूतून पडणारी धार, पोरांचे हसणे. मी सुखात होतो. जयवंताबाईंनी एकदा मला ओळखावे, एवढीच हुरहूर होती.

एका रविवारी त्या सून मायाबरोबर बाग पाहायला आल्या. एकेक दगड ओलांडत माझ्यापाशी पोचल्या आणि उचललेला पाय तसाच राहिला.

"आई, काहून थांबल्या? मांगं लोकं उभे आहेत," माया म्हणाली.

"हा माहा पाटा होय वं. हा कोपरा माह्याच हातानं फुटला. याले पाय लावू काय?"

त्यांनी वाकून मला नमस्कार केला, साडी पोटरीपर्यंत उचलली आणि मला वळसा घालून सरळ पाण्यातून चालत गेल्या. मागच्यांनीही निमूटपणे चपला हातात घेतल्या.

गिरिधर धावत आले. "काकू, घरी पोचवून देऊ काय?"

"चौथ्या माळ्यावर नेऊन काय करू, भाऊ? इथंच राहू द्या. फक्त पायाखाली नोका ठेवू."

त्याच दिवशी मला काठावर, बांबूच्या धारेशेजारी जागा मिळाली.

मित्रांनो, तुमच्याही जिन्याखाली असा एखादा पाटा पडला असेल. त्याच्यावर वाटण वाटाच, असे म्हणत नाही. अधूनमधून धुऊन पुसून ठेवा. आम्हा दगडांना तेवढे पुरते, असे मला वाटत होते.

पण परवा जयवंताबाई पुन्हा आल्या. पिशवीत भाकरी, हिरव्या मिरच्या, लसूण आणि टॉवेलात गुंडाळलेला माझा वरवंटा. इतकी वर्षे त्यांनी तो दाराला टेकण म्हणून घरातच ठेवला होता. त्या माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी पदर खोचला.

गिरिधरना त्या दिवशी भाकरी कमी पडली.